घेणाऱ्यांनी ठेवलेली नावे

वाशीम जिल्ह्यात डिसेंबर संपता संपता एका आकड्याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. सोयाबीन निघालेले असते, तूर उभी असते आणि प्रशासन गावोगावची अंतिम पैसेवारी जाहीर करते. पन्नास पैशांच्या आत आली तर दुष्काळी सवलतींचा दरवाजा उघडतो, वर गेली तर बंद. सत्तेचाळीस पैसे लागली म्हणून गावाला हायसे वाटते, त्रेपन्न लागली म्हणून मोर्चा निघतो. या सगळ्या धावपळीत सत्तेचाळीस पैसे मोजून द्यायला देशात नाणीच उरलेली नाहीत, हे कुणाच्या मनातही येत नाही. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. पन्नास पैशांचे नाणे कायद्याने अजून जिवंत आहे, पण रिसोडच्या बाजारात ते पुढे करून बघावे. भाजीवाली नाण्याकडे नव्हे, आपल्याकडे बघेल.

जुनी माणसे या प्रकाराला अजून आणेवारीच म्हणतात. बातम्यांतही तो शब्द अधूनमधून डोकावतो. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे आणि त्या हिशेबाने आठ आणे, सहा आणे अशी शेताची प्रत लावायची. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पुढे शेतातल्या पिकालाही दशमान पद्धत लागू झाली. म्हणजे आधी आणा गेला, मग पैसा गेला, पण पीक मोजायचे माप नाण्याचेच राहिले.

सोळाचा हा हट्ट रुपयापेक्षाही जुना आहे. भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त गणिताआधी मापांची कोष्टके दिली आहेत. त्यात वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म आणि सोळा द्रम्मांचा निष्क. सोळाचे चार वेळा अर्धे करता येतात आणि दर वेळी हातात सबंध आकडाच राहतो. ज्या बाजारात कागद-पेन्सिल नाही, तिथे याहून सोयीचे काय असणार? म्हणून ‘सोळा आणे खरे’ म्हणजे पूर्ण खरे. ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ ही म्हण आपण उधळपट्टीसाठी वापरतो, पण बेरीज करून पाहिली तर बरोबर बंदा रुपया भरतो. म्हण रचणारा हिशेबाला पक्का होता.

आता ‘द्रम्म’ घ्या. हा शब्द ग्रीकांच्या ‘द्राख्मे’पासून आला. यवन राजांच्या नाण्यांबरोबर तो वायव्येकडून उतरला, प्राकृतात मुरला आणि झिजत झिजत ‘दाम’ झाला. अकबराच्या काळी चाळीस तांब्याच्या दामांचा एक रुपया होत असे. ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातल्या सरकारांची यादी आहे, तिच्यात बासीम हेही एक सरकार आहे. बासीम म्हणजे आपले वाशीम, आणि त्याचा महसूल मांडला आहे दामांत. वाशीमच्या ज्वारी-कापसाचा सारा ग्रीक नावाच्या नाण्यात, फारसी भाषेत, मोगलांच्या दफ्तरात लिहिला गेला. आज आपण ‘दामदुप्पट’ म्हणतो तेव्हा त्या ग्रीकाचीच आठवण नकळत काढतो.

रुपयाचे मूळ मात्र इथलेच. पाणिनीने ‘रूप’ या शब्दापासून ‘रूप्य’ कसा साधायचा हे सांगताना अर्थ दिला आहे ‘आहत’, म्हणजे ठोकलेले. ज्यावर ठोकून रूप उमटवले ते रूप्य. पुढे शब्द धातूलाच चिकटला आणि रुपे म्हणजे चांदी झाली. शेरशाह सूरीने सोळाव्या शतकात, १५४० ते १५४५ या आपल्या जेमतेम पाच वर्षांच्या राज्यात, सुमारे १७८ ग्रेनचे चांदीचे नाणे पाडले आणि त्याला हे नाव दिले. मोगलांनी त्याचे राज्य घालवले, रुपया ठेवला.

आजकाल ‘अनेक देशांचे एकच चलन’ म्हटले की युरो आठवतो. २००२ साली त्याची नाणी लोकांच्या हाती पडली, तेव्हा आपल्याकडे कौतुकाचे लेख आले होते. पण अठराव्या शतकातल्या वऱ्हाडाने हा प्रकार कुठल्याही कराराविना चालवला होता. नागपूरकर भोसले रुपया पाडत, हैदराबादचा निजाम पाडे, पेशव्यांच्या परवान्यावर ठिकठिकाणचे टांकसाळवाले पाडत, मुंबई-कलकत्त्यात कंपनी सरकार पाडे. हे सगळे एकमेकांशी लढत होते. नाण्यावर नाव मात्र बहुतेक सगळ्यांनी एकाचेच ठेवले होते, दिल्लीच्या बादशहाचे. ज्या शाह आलमला स्वतःचे दिल्ली शहर राखता आले नाही, त्याच्या नावाचे रुपये एकमेकांचे मुलूख लुटणारी चार-पाच राज्ये इमानाने पाडत राहिली. कारण साधे होते. ते नाव असले की लोक नाणे घेत. नवे नाव दिसले की सराफ कपाळाला आठी घाली.

वाशीमच्या वाट्याला यातले जवळजवळ सगळे रुपये आले. वऱ्हाडात तेव्हा दोअमली होती. मुलूख कागदोपत्री निजामाचा, पण चौथाई, सरदेशमुखी आणि घासदाणा भोसल्यांचा. एकाच रयतेकडून दोन अंमलदार वसूल घेत. रयतेने कोणता रुपया द्यायचा आणि अंमलदाराने तो काय भावाने धरायचा, हा रोजचा तंटा. प्रत्येक टांकसाळीच्या रुपयात चांदीचे प्रमाण थोडे वेगळे, शिवाय नाणे जुने झाले की झिजते. म्हणून परक्या किंवा जुन्या रुपयावर कापून घ्यायची रक्कम ठरलेली असे. तिला म्हणत बट्टा. आपल्या बोलण्यातला ‘नावाला बट्टा लागणे’ हा शब्दप्रयोग थेट सराफाच्या गादीवरून उठून आला आहे. माणसाच्या अब्रूचाही भाव रुपयामागे दोन आणे उतरू शकतो, ही कल्पना ज्या समाजाला सुचली त्याने बट्टा फार सोसला असला पाहिजे.

हा बट्टा ठरवणारी माणसे अजून आपल्या आडनावांत बसलेली आहेत. पोतदार हा फारसी ‘फोतादार’, म्हणजे खजिन्याची थैली सांभाळणारा. गावगाड्यात वसुलात आलेले नाणे पारखायचे काम त्याचे. पारख आडनावाचा अर्थ सांगायलाच नको. नाणावटी, सराफ, टांकसाळे हीसुद्धा त्याच पेढीवरची मंडळी. ते रुपया फरशीवर टाकून ऐकत. खणखणीत वाजला तर चोख, बद्द वाजला तर भेसळ. आपण खणखणीत भाषण ऐकतो, माणूस बद्द डोक्याचा आहे म्हणतो, तेव्हा कान पोतदाराचाच असतो.

१८०३ साली देवगावच्या तहाने भोसल्यांचा वऱ्हाडातला अंमल गेला आणि मुलूख एकट्या निजामाकडे आला. पुढे निजाम कर्जात रुतला. हैदराबाद कंटिंजंट नावाची इंग्रजी अधिकाऱ्यांची फौज त्याच्याच खर्चाने पोसली जात होती, तिची एक छावणी वाशीमपासून जवळ, हिंगोलीला होती. या फौजेच्या थकलेल्या पगारापायी १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांकडे गहाण पडला. १९०२ साली तो वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने दिला गेला. मालक हैदराबादचा, नाणे इंग्रजांचे, अशी वाशीमची गत झाली. पैनगंगेच्या या काठाला इंग्रजी रुपया, त्या काठाला निजामाचा. आज वाशीम आणि हिंगोली या दोन जिल्ह्यांमधली जी सीमा आहे, ती तेव्हा दोन चलनांची सीमा होती. पलीकडच्या एका गावाच्या नावातच अजून नाका आहे: कन्हेरगाव नाका.

निजामाच्या रुपयाला म्हणत हाली शिक्का. इंग्रजी रुपयाला म्हणत कलदार. हे दोन शब्द मराठवाड्यात आणि वऱ्हाडाच्या दक्षिण पट्ट्यात म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात कालपरवापर्यंत सहज येत. शेताची किंमत, हुंड्याची रक्कम, बैलजोडीचा सौदा यांत आकडा सांगून भागत नसे. ‘हाली का कलदार?’ हे विचारावेच लागे. साधारण सात हालीचे सहा कलदार होत. म्हणजे शंभर कलदारांना एकशे सोळा हाली, दहा आणे आणि आठ पै. हा हिशेब तोंडी करणारे लोक पैनगंगेच्या दोन्ही काठांना होते आणि त्यांना कुणी अर्थतज्ज्ञ म्हणत नसे.

‘हाली’ हा अरबी ‘हाल’वरून आला. हाल म्हणजे चालू वेळ, वर्तमान. हाली शिक्का म्हणजे सध्याचे नाणे. आपला रोजचा ‘हल्ली’ हाही तोच शब्द. ‘हल्ली पाऊस वेळेवर येत नाही’ म्हणताना आपण निजामाच्या नाण्याचाच सख्खा भाऊ तोंडात घोळवत असतो. गंमत अशी की ‘सध्याचे’ हेच ज्याचे नाव, ते नाणे हैदराबाद भारतात विलीन झाल्यावर काही वर्षे रुपयाशेजारी चालले आणि मग गेले. क्रियाविशेषण तेवढे राहिले.

कलदाराची कहाणी त्याहून रोखठोक. कल म्हणजे यंत्र. जुना रुपया हाताने घण मारून पाडत. त्याचा गोल कधी पुरता गोल नसे, कडा कापून चांदी चोरता येत असे. कंपनीचा रुपया यंत्रातून निघाला, एकसारखा, कडेला दाते असलेला. १८३५च्या कायद्याने तो सगळ्या ब्रिटिश मुलखात एकच झाला. वजन १८० ग्रेन, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी, आणि पहिल्यांदाच त्यावरून बादशहाचे नाव गेले. तिथे इंग्लंडच्या राजाचे डोके आले. एवढी मोठी राजकीय उलथापालथ त्या नाण्यावर कोरलेली होती. लोकांनी नाव ठेवले ते यंत्रावरून. राजा कोण याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते, कड कापता येत नाही एवढे पुरे होते.

मला वाटते नाण्यांच्या नावांची खरी किल्ली इथे आहे. नाणे पाडणारा त्यावर आपले नाव, पदव्या, हिजरी सन, काय हवे ते ठोकतो. पण ज्या नावाने नाणे जगते ते नाव घेणारा ठेवतो, आणि तो बघतो आकार, चित्र, आवाज आणि काठ. राणी व्हिक्टोरियाचा रुपया राणीछाप झाला. लठ्ठ तांब्याचा पैसा ढब्बू झाला. नाणे गेले तरी ढब्बू हा शब्द मिरचीला आणि वर्गातल्या एखाद्या गरीब पोराला चिकटून राहिला. दुसऱ्या महायुद्धात तांबे वाचवायला १९४३ पासून मधोमध छिद्र पाडलेला पैसा निघाला, तो भोकाचा पैसा. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. यात राजाचे नाव कुठेच नाही.

अपवाद एक, शिवराई. १६७० साली शिवाजी महाराजांनी सुरतेपाठोपाठ वऱ्हाडातले कारंजे गाठले आणि तिथल्या सावकारांच्या तिजोऱ्या रित्या केल्या. कारंजा लाड आज वाशीम जिल्ह्यातच आहे. त्या लुटीत मोगली रुपया भरपूर असणार. पुढे १६७४च्या राज्याभिषेकाच्या सुमारास महाराजांनी स्वतःची नाणी पाडली, त्यातला तांब्याचा पैसा म्हणजे शिवराई. महाराज गेले, पेशवाई आली आणि गेली, तरी शिवराई ठिकठिकाणच्या टांकसाळींतून निघतच राहिली आणि इंग्रजी अमलातही बराच काळ बाजारात फिरत होती. राजाच्या नावाने नाणे ओळखले गेले तेही घेणाऱ्यांच्याच मर्जीने. औरंगजेबाच्या पैशाला ‘औरंगी’ म्हणावे असे कुणाला वाटले नाही.

घेणाऱ्याने नाव ठेवण्याचा सगळ्यात लांबचा मासला म्हणजे पुतळी. पुतळ्यांची माळ हा आपल्या बायकांचा दागिना, नववधूच्या गळ्यात शोभणारा. यातली पुतळी मूळची व्हेनिसची. व्हेनिस शहराने १२८४ पासून १७९७ पर्यंत, म्हणजे पाचशे वर्षांहून अधिक काळ, जवळपास एकाच वजनाचे आणि एकाच शुद्धतेचे सोन्याचे डुकाट पाडले. अरबी समुद्रावरच्या व्यापारातून ते आपल्या बंदरांत उतरले. त्यावर संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख अशी दोन माणसे कोरलेली. आपल्या सराफाला ना संताशी देणेघेणे ना प्रमुखाशी. त्याला दिसल्या बाहुल्या, म्हणून पुतळी. त्याच नाण्याला इटलीत ‘झेक्किनो’ म्हणत, कारण टांकसाळीला तिथे ‘झेक्का’ म्हणतात, आणि हा झेक्का आला अरबी ‘सिक्का’वरून. म्हणजे निजामाच्या हाली शिक्क्यातला शिक्का आणि आजीच्या माळेतली पुतळी ही एकाच अरबी ठशाची दोन पोरे. एक इराणमार्गे हैदराबादला आले, दुसरे व्हेनिसला जाऊन समुद्राने कोकणात उतरले. वाटेत नाव बदलले नसते तर ती भेटल्यावर एकमेकांना ओळखू शकली असती.

दागिना झालेले नाणे वाशीम जिल्ह्यात बघायचे तर मानोरा तालुक्यात पोहरादेवीला जावे. बंजारा समाजाचे ते मोठे तीर्थ. यात्रेत जुन्या पद्धतीचा पेहराव केलेल्या बायकांच्या अंगावर आरशांबरोबर नाणीही शिवलेली दिसतात. रेल्वे यायच्या आधी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवरून नेणारे हेच लोक. नाक्यानाक्यावर जकात देणारे आणि दर दोन मजलांवर वेगळे नाणे हाताळणारे. जे पुढच्या गावात चालत नाही ते अंगावर घालायचे, यात व्यवहार होताच.

नाक्यावरून आठवले. निजामाच्या राज्यात जकात खात्याला करोडगिरी म्हणत आणि मराठवाड्यातल्या जुन्या लोकांना तो शब्द अजून ठाऊक आहे. त्याचा उगम अकबराकडे जातो. १५७५च्या सुमारास अकबराने मुलखाचे असे तुकडे पाडले की प्रत्येकातून एक कोट नाणी महसूल यावा. त्या तुकड्यावरच्या अंमलदाराला करोडी म्हणू लागले. अकबराची ती योजना फार टिकली नाही, पण करोडीची करोडगिरी झाली आणि तीन-साडेतीनशे वर्षांनी पैनगंगेच्या पलीकडच्या नाक्यावर कापडाचा गठ्ठा सोडायला लावणाऱ्या शिपायाचे खाते बनून बसली. त्या शिपायाने आयुष्यात एक कोट काही पाहिले नसतील.

‘नाणे’ हाही शब्द बाहेरून आलेला असावा. संस्कृतात ‘नाणक’ आहे, ‘मृच्छकटिका’तही तो येतो. कुषाणांच्या नाण्यांवर ‘नना’ या पश्चिम आशियातून आलेल्या देवीचे चित्र आणि नाव असे, त्यावरून नाणक शब्द निघाला असे काही अभ्यासक मानतात. हे खरे असेल तर इथेही नाव ठेवले आहे ते चित्र बघून, पुतळीसारखेच.

या जिल्ह्याच्या मातीतून निघालेली सगळ्यात बोलकी नाणी मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळ्याची. १९३९ साली तिथे सातवाहनांच्या नाण्यांचा साठा सापडला, सुमारे सोळाशे नाणी, मिश्रधातूची, एका बाजूला सोंड उंचावलेला हत्ती. वासुदेव विष्णु मिराशी यांनी त्यांचे वाचन केले. त्यात गौतमीपुत्र सातकर्णी, पुळुमावी, यज्ञ सातकर्णी हे ओळखीचे राजे निघाले आणि कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी असे काही निघाले, ज्यांची नावे पुराणांच्या वंशावळीत नाहीत. हे राजे होऊन गेले हे जगाला वाशीमच्या या नाण्यांनी सांगितले. राजाने नाण्यावर नाव कोरण्याचा खटाटोप कुठे फळाला आला असेल तर तो असा, अठराशे वर्षांनी, तोही एका मराठी पंडिताच्या भिंगाखाली. नाशिकच्या लेण्यांत त्या काळच्या नाण्यांचा हिशेब कोरलेला आहे, पस्तीस कार्षापणांना एक सुवर्ण. तो उषवदाताचा, म्हणजे सातवाहनांच्या शत्रुपक्षाचा. लढाया चालू असतानाही दोन्ही बाजूंची नाणी एकाच बाजारात फिरत, हे तेव्हाही नवे नव्हते.

रुपया मात्र आपला बाजार सोडून फार लांब गेला. आज भारताशिवाय पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंका, मॉरिशस, सेशेल्स यांचे चलन रुपयाच आहे. इंडोनेशियाचा रुपिया आणि मालदीवचा रुफिया त्याच घरातले. मॉरिशसला गिरमिटावर गेलेल्या मराठी कुटुंबांना परक्या बेटावर ओळखीचे नाव भेटले, कारण इंग्रजांनी १८७०च्या दशकात तिथे रुपयाच अधिकृत केला. त्याचे आणे मात्र केले नाहीत, सेंट केले. मालदीवशी तर आपला जुना देवघेवीचा संबंध. ज्या कवड्यांपासून भास्कराचार्यांचे कोष्टक सुरू होते, त्या मोठ्या प्रमाणावर त्याच बेटांवरून येत. त्यांनी आपल्याला कवडी दिली, आपण त्यांना रुपया दिला. सौदा कुणाच्या फायद्याचा झाला हे आता कोण सांगणार?

नोटेवर बारकाईने पाहिले तर रुपया घरातही एकटा नाही हे दिसते. मागच्या बाजूला पंधरा भाषांत रक्कम लिहिलेली असते. मराठीच्या ओळीत रुपये आहेत, बंगालीच्या ओळीत ‘टाका’. हा टाका म्हणजे संस्कृत ‘टंक’, ठसा. आपल्या टांकसाळीत तो आहे, बांगलादेशाच्या चलनाचे तर नावच ते आहे. एकाच कागदाला वाशीमचा माणूस रुपये म्हणतो आणि कोलकात्याचा टाका, आणि रिझर्व्ह बँकेला दोन्ही मान्य.

आखातात १९५० आणि ६०च्या दशकांत कुवेत, बहारीन, कतार आणि आजच्या अमिरातींत भारतीय रुपयाच चाले. तिथून सोन्याच्या चोरट्या व्यापारात रुपये परत येऊ लागले, म्हणून १९५९ साली रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. कुवेतने १९६१ साली आणि बहारीनने १९६५ साली आपला दिनार काढला, १९६६ साली रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर कतार आणि अमिरातींनीही हात काढून घेतला. ओमानात मात्र रियालच्या हजाराव्या भागाला अजून ‘बैसा’ म्हणतात. पूर्व आफ्रिकेतही इंग्रजांनी आणि जर्मनांनी रुपयाच चालवला होता. १९२०च्या सुमारास तो गेला, शिलिंग आला. स्वाहिलीत ‘पेसा’ तेवढा राहिला आणि २००७ साली केनियात मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सोय सुरू झाली, तिचे नाव ठेवले एम-पेसा.

आणि स्वाहिलीत पेसा म्हणजे काही रुपयाचा चौसष्टावा भाग नव्हे. पेसा म्हणजे पैसा, धन, श्रीमंती. मराठीतही तसेच झाले. मोठे नाणे रुपया होते, पण गावातल्या धनिकाला आपण पैसेवाला म्हणतो, रुपयेवाला कुणी म्हणत नाही.